मत्स्यतळे हवे, पण हिशेबाने

माळव्यात वडिलोपार्जित शेती राखून असलेल्या आपल्या कुटुंबांना मत्स्यतळ्याचे अनुदान खुणावते आहे. त्यात गैर काही नाही. पण 1 हेक्टरचे दीड मीटर खोल तळे भरायला दीड कोटी लिटर पाणी लागते. दिवसाला 5 मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी रोज 50 हजार लिटर उडून जाते, झिरपणारे वेगळे. हे सारे कूपनलिकेतून उपसले तर शेजाऱ्याच्या विहिरीचे काय? वार्षिक उपलब्ध भूजलाच्या 70 टक्क्यांपर्यंतचा उपसा सुरक्षित मानतात. इंदूर जिल्ह्याने ती मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. म्हणून तळे पावसाच्या पाण्यावरच भरावे आणि भूजल तपासल्याशिवाय अनुदान मंजूर होऊ नये, ही मागणी ग्रामसभेत आपणच मांडली पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या भूमीचे पाणी प्यालो, तिचे एवढे देणे आपण लागतो.