परवानगीविना उमटलेला उपहास

राजकीय उपहासाचे मोल तो किती लोकांपर्यंत पोचला यावरून ठरवण्याची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. पण भीतीच्या काळात त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा असतो: हा उपहास कोणाच्या परवानगीवर जगतो? 1950 च्या दशकातली अमेरिका या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देते. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेले विल्यम ग्रॉपर हे तिथले नावाजलेले व्यंगचित्रकार. 1946 साली त्यांनी अमेरिकेतल्या लोककथांचा चित्रमय नकाशा काढला. परराष्ट्र खात्याच्या परदेशांतल्या ग्रंथालयांमध्ये तो लागला आणि तेवढ्यावरून 1953 साली कम्युनिस्टांचा शोध घेत फिरणाऱ्या सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या समितीने त्यांना चौकशीला बोलावले. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क देणाऱ्या पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन त्यांनी उत्तरे देण्यास नकार दिला. नाव काळ्या यादीत गेले, ठरलेली प्रदर्शने रद्द झाली.

ग्रॉपर यांनी उत्तर दिले ते शिळाछापातून. पुढच्या काही वर्षांत त्यांनी ‘कॅप्रिचिओज’ ही 50 चित्रांची मालिका केली. नाव आणि प्रेरणा स्पॅनिश चित्रकार गोया यांची होती. गोया यांनी 1799 साली 80 मुद्राचित्रांत स्पेनमधला ढोंगीपणा उघडा पाडला होता आणि थोड्याच दिवसांत तो संच विक्रीतून मागे घेतला होता. शिळाछापात दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात. ओल्या दगडावर शाई फिरवली की ती फक्त तेलकट रेघांना धरते. त्यासाठी दगड, यंत्र आणि कसबी हात लागतात; संपादकाचा होकार लागत नाही. ज्याच्यासाठी बाकीची दारे बंद झाली, त्याच्यासाठी हे साधन निर्णायक ठरले.

यावर आक्षेप येतो की अशी चित्रे मूठभरांनीच पाहिली. मॅकार्थींना घाम फोडला तो वृत्तपत्रांनी. त्यात तथ्य आहे. हर्बर्ट ब्लॉक यांनी 29 मार्च 1950 च्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’मधल्या व्यंगचित्रातून ‘मॅकार्थीवाद’ हा शब्द लोकांच्या तोंडी दिला. तेवढी पोच कोणत्याही मुद्राचित्राला नव्हती. पण 1952 च्या निवडणुकीत याच वृत्तपत्राने अध्यक्षपदाचे उमेदवार आयसेनहॉवर यांना पाठिंबा दिला आणि मतदानाच्या तोंडावर, त्यांच्या विरोधात असलेल्या ब्लॉक यांची चित्रे छापणे थांबवले. उदार मालकाच्या छत्राखालीही उपहासाला अशी मर्यादा पडते. म्हणून मोठ्या वृत्तपत्राची पोच आणि छोट्या छापखान्याचे स्वातंत्र्य, दोन्ही हवीत. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ग्रॉपर यांनी कम्युनिस्ट नियतकालिकांसाठी वर्षानुवर्षे चित्रे काढली. मग त्यांना स्वातंत्र्याचे पाईक का मानावे? त्यांच्या राजकारणाची चिकित्सा जरूर व्हावी आणि ती कठोरही असावी. पण चित्रकाराची मते चुकीची ठरली, तरी लोककथांच्या नकाशावरून त्याची रोजीरोटी हिरावून घेणे न्याय्य ठरत नाही. अभिव्यक्तीचे संरक्षण फक्त निर्दोष माणसांपुरते ठेवले, तर निर्दोष कोण हे ठरवण्याचा अधिकार चौकशी समितीकडेच जातो.

यातला धडा केवळ कलेच्या इतिहासाचा नाही. कायद्यातली हमी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेने अभिव्यक्तीची हमी दिलेली असतानाच ग्रॉपर यांच्यासमोरची दारे बंद झाली. म्हणून छोटे छापखाने, स्वतंत्र कलादालने आणि चित्र विकत घेणारे सामान्य ग्राहक यांना लोकशाहीच्या व्यवस्थेचा भाग मानले पाहिजे आणि भीतीचे दिवस येण्याआधीच त्यांना जगवले पाहिजे.