जुन्या वर्षांचा हिशेब गेला कोठे?

परळी वैजनाथच्या मोंढ्यातील आडत दुकानांत लाल वह्यांचे काम संगणकाकडे गेले, त्यासही आता बराच काळ लोटला. वही वाचण्यास नजर व थोडा सराव पुरे होता. संगणकातील रोजकीर्द आणि खतावणी मात्र ज्या आवृत्तीत लिहिली, तीच किंवा तिची भाषा जाणणारी पुढील आवृत्ती असल्याशिवाय उघडत नाही. ‘टॅली ईआरपी ९’ २००९ मध्ये आली आणि २०२० च्या नोव्हेंबरात ‘टॅलीप्राइम’ आली. पुढे २०२३ मध्ये टॅलीप्राइमची ३.० आवृत्ती आली, तेव्हापासून जुना हिशेब नव्या स्वरूपात स्थलांतरित करावा लागतो.

नवी आवृत्ती बसविल्यावर पडद्यावर पेढीचे नावच दिसत नाही, तेव्हा दुकानदाराच्या पोटात गोळा येतो. वास्तविक बहुधा काहीही गेलेले नसते. जुनी टॅली आपल्या ‘डेटा’ फोल्डरात प्रत्येक पेढीसाठी १००००, १०००१ अशा पाच अंकी नावाचे फोल्डर ठेवते, तर नवी आवृत्ती स्वतःच्या निराळ्या फोल्डरात शोध घेते. बिऱ्हाड हलले आणि तिजोरी जुन्या घरीच राहिली, असा हा प्रकार. ‘सिलेक्ट कंपनी’मध्ये ‘स्पेसिफाय पाथ’ निवडून जुन्या जागेचा पत्ता दिला की पेढीचे नाव समोर येते.

खरा धोका घाईत आहे. आरंभीच्या शिलका टाकून त्याच नावाची नवी पेढी उघडली जाते, कोणी जुना संगणक विकून टाकतो किंवा त्याची डिस्क पुसून घेतो. जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. नोटीस येते ती तीन-चार वर्षांपूर्वीच्या बिलाची, आणि आरंभीच्या शिलकेत ते बिल सापडत नाही. शेतकऱ्याच्या उचलीचा वाद निघाला, तरी तीच अडचण.

म्हणून पाच अंकी फोल्डर प्रथम जसेच्या तसे पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे आणि स्थलांतर दुसऱ्या प्रतीवर करावे. ३.० मध्ये नेलेला हिशेब मागील आवृत्तीत पुन्हा उघडत नाही. तो नेल्यानंतर प्रत्येक वर्षाचे तेरीजपत्रक लेखापरीक्षित ताळेबंदाशी ताडून पाहावे. नुसते नाव दिसले म्हणून निश्चिंत होणे व्यापाऱ्यास शोभत नाही. २००५ मध्ये मूल्यवर्धित कर आला, त्या सुमाराच्या टॅली ७.२ मधील हिशेबासाठी स्वतंत्र स्थलांतर-साधन लागते. तेथे जाणकाराची मदत घेणेच बरे.

एका अडचणीवर मात्र उपाय नाही. पेढीला ‘टॅलीव्हॉल्ट’चा सांकेतिक शब्द लावला असेल आणि तो विसरला, तर सारी फाइल समोर असूनही हिशेब उघडत नाही. पुष्कळ दुकानांत तो शब्द नोकरी सोडून गेलेल्या मुनीमजींनी ठेवलेला असतो. नवी आवृत्ती बसविण्यापूर्वी पहिला फोन त्यांनाच करावा.