जाळे विणण्याआधी हिशेब हवा

तालुक्याच्या गावातील सहकारी बँकेत ‘लिंक नाही’ ही पाटी आता कोणास नवी वाटत नाही. निवृत्तिवेतन काढण्यास आलेले शिक्षक, फी भरण्यास आलेला विद्यार्थी, कर्जाचा हप्ता घेऊन आलेला शेतकरी हे सारे ती पाटी वाचून मुकाट्याने माघारी फिरतात. पावसाने ओढ दिली तर जाब कोणाला विचारावयाचा, तशातलाच हा प्रकार समजला जातो. वस्तुतः लिंक जाणे ही दैवी आपत्ती नव्हे. बहुधा ते अपुऱ्या नियोजनाचे फळ असते.

१९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी अहवाल दिला, तेव्हाच्या वादाचा रोख नोकऱ्यांवर होता. खातेवही मात्र शाखेतच होती; वीज गेली तरी रोखपालाची लेखणी थांबत नसे. कोअर बँकिंग आल्यावर ही खातेवही शाखेतून उठून मध्यवर्ती संगणकात गेली. ग्राहकाची त्यामुळे मोठी सोय झाली यात शंका नाही. परंतु शाखेचे सारे कामकाज एका तारेवर अवलंबून राहू लागले, हेही तितकेच खरे.

या तारेचे गणित अवघड नाही. मुख्य कार्यालय धरून २० कार्यालये असतील आणि प्रत्येक कार्यालय दुसऱ्या प्रत्येकाशी थेट जोडावयाचे ठरविले, तर १९० जोडण्या लागतात. सारी कार्यालये केवळ मुख्य कार्यालयाशी जोडली तर १९ पुरतात. साहजिकच दुसरा मार्ग पत्करला जातो आणि तो वावगाही नाही. मात्र त्यात मुख्य कार्यालय बंद पडले की १९ही शाखा बंद पडतात. म्हणून तेथील यंत्रणेस दूरच्या दुसऱ्या गावी पर्याय हवा, आणि प्रत्येक शाखेस दुसरी जोडणी हवी.

शंभरात नव्याण्णव भाग वेळ चालणारी जोडणी ऐकावयास उत्तम वाटते. पण उरलेला एक भाग म्हणजे वर्षाकाठी साडेतीन दिवसांहून अधिक खंड. तशाच दोन स्वतंत्र जोडण्या असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद राहण्याचा काळ वर्षाला सुमारे ५३ मिनिटांवर येतो. यात ‘स्वतंत्र’ हा शब्द कळीचा आहे. दोन कंपन्यांच्या केबली रस्त्याकडेच्या एकाच चरातून नेल्या, तर जेसीबीचा एकच घाव दोन्ही तोडतो. एक जोडणी केबलीची, तर दुसरी मोबाइल मनोऱ्याची वा उपग्रहाची असावी, ती याचसाठी.

मग हे होत का नाही? याचे उत्तर तंत्रज्ञानात नसून अर्थशास्त्रात आहे. दुसऱ्या जोडणीचा खर्च बँकेच्या ताळेबंदात दिसतो; लिंक गेल्याने ग्राहकाची बुडालेली मजुरी आणि एस.टी.चे भाडे त्यात कोठेच दिसत नाही. बचतीचा निर्णय एकाचा, तोटा दुसऱ्याचा. अशा स्थितीत सर्वांत स्वस्त निविदेलाच काटकसर हे नाव मिळते.

सुरक्षिततेचेही तसेच. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेची यंत्रणा भेदून चोरट्यांनी ११ आणि १३ तारखेस मिळून ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम पळविली. जुलै २०२४ अखेर अनेक लहान बँकांना सेवा पुरविणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेवर हल्ला झाला आणि सुमारे ३०० बँकांच्या पैसे पाठविण्याच्या सेवा काही काळ खंडित झाल्या. वाड्याचा दिंडी दरवाजा भक्कम करून आतल्या साऱ्या खोल्या उघड्या टाकण्यात शहाणपण नाही. रोखपालाचा संगणक, एटीएम, ग्राहकांसाठीचे वाय-फाय आणि मुख्य हिशेब यांच्यामध्ये जाळ्यातच भिंती हव्यात. हिशेबाची प्रत रोज वेगळी ठेवावी आणि तीवरून कारभार पुन्हा उभा राहतो की नाही, याची वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी. न तपासलेली प्रत ही केवळ समजूत असते.

लहान बँकांना हा खर्च जड जातो, हा आक्षेप रास्त आहे. अनेक बँकांनी मिळून एक यंत्रणा घेणे यास तोड नाही. सहकाराचा मूळ अर्थही तोच. परंतु यंत्रणा भाड्याने घेता आली, तरी जबाबदारी भाड्याने देता येत नाही. करार वाचू शकणारा आणि बिघाड ओळखू शकणारा स्वतःचा एखादा तरी माणूस बँकेपाशी असलाच पाहिजे.

लाभांशाचा दर किती, हा प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेत दरवर्षी हिरिरीने विचारला जातो. गेल्या वर्षी कोणत्या शाखेची लिंक किती तास बंद होती, हेही सभासदांनी विचारावयास हवे. तो आकडा अहवालात छापला जाऊ लागला, की दुसऱ्या जोडणीचा खर्च कोणास उधळपट्टी वाटणार नाही.