बदली गोलरक्षकाचा कैवार

मायकेल लेटन हे नाव आइस हॉकीच्या गप्पांत निघालं की एकच गोष्ट सांगितली जाते. ९ जून २०१०, फिलाडेल्फिया, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगच्या स्टॅनली कपच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना, ३-३ अशी बरोबरी, जादा वेळ. शिकागोच्या पॅट्रिक केनने डाव्या अंगाने, जिथून गोल होईल असं कुणी म्हणणार नाही अशा कोनातून पक, म्हणजे खेळाची चकती, मारला आणि तो फिलाडेल्फियाचा गोलरक्षक लेटन याच्या पायांखालून सरकला. पक जाळीच्या तळाच्या गादीत जाऊन अडकला. गोलचा दिवा लागला नाही, प्रेक्षकांना काही कळेना आणि केन मात्र हातमोजे भिरकावत बर्फावरून सुटला. शिकागोने १९६१ नंतर पहिल्यांदा करंडक उचलला, आणि लेटनच्या कपाळावर शिक्का बसला: याच्यामुळे गेलं.

गोल मऊ होता. तो अडवायला हवा होता. लेटनचा कैवार घ्यायचा तर ही कबुली आधी देऊन टाकावी. ती लपवणाऱ्याचं पुढचं कुणी ऐकू नये. त्याच मालिकेत पहिल्या आणि पाचव्या सामन्यात प्रशिक्षकांनी त्याला मध्येच बाहेर काढलं, हेही खरं आहे. पहिल्या सामन्यात तर वीस फटक्यांत पाच गोल झाले होते. पण या खऱ्या गोष्टींवरून जे निष्कर्ष काढले जातात, ते टिकत नाहीत.

पहिला आक्षेप हा की करंडक त्याने घालवला. बरं, त्याच्या जागी उभा राहिलेल्या ब्रायन बाउचरने ते दोन सामने वाचवले का? पहिल्या सामन्यातला शिकागोचा विजयी गोल बाउचरवरच झाला. पाचवा ७-४ असा गेला. सहाव्या सामन्यात शिकागोने ४१ फटके मारले, फिलाडेल्फियाने २४. एकेचाळिसांतले ३७ लेटनने अडवले म्हणून सामना जादा वेळेपर्यंत पोचला. आणि मुळात फिलाडेल्फिया अंतिम मालिकेत आली कशी? बॉस्टनविरुद्ध ०-३ अशी पिछाडी होती. पाचव्या सामन्यात बाउचर जायबंदी झाला आणि मार्चपासून घोट्याच्या दुखापतीने बाहेर बसलेला लेटन थंड अंगाने बर्फावर उतरला. सातव्या सामन्यात बॉस्टनने सुरुवातीलाच तीन गोल चढवले. त्यानंतर लेटनने एकही होऊ दिला नाही आणि फिलाडेल्फियाने सामना ४-३ असा जिंकला. ०-३ वरून मालिका फिरवणारा एनएचएलच्या इतिहासातला तो तिसराच संघ. पुढच्या फेरीत मॉन्ट्रियलविरुद्ध लेटनने एकाच मालिकेत तीन शटआउट, म्हणजे एकही गोल न होऊ दिलेले सामने, दिले. गंमत म्हणजे २००७ मध्ये याच मॉन्ट्रियलने त्याला उचललं होतं आणि एकाही सामन्यात न खेळवता पुढे ढकललं होतं. ज्याच्याशिवाय घर उभं राहिलं नसतं, त्यानेच छप्पर उडवलं म्हणणाऱ्यांनी पायापासून मोजणी करावी.

दुसरा आक्षेप जास्त सभ्य आहे, म्हणून जास्त घातक. गुण असते तर कुणीतरी त्याला ठेवून घेतलं असतं, असं तो म्हणतो. शिकागोने १९९९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या निवडीत, त्याला १६५ व्या क्रमांकावर निवडलं, मग बफेलोला दिलं. २००६-०७ या एकाच हंगामात तो अनाहाइम, नॅशव्हिल, फिलाडेल्फिया आणि मॉन्ट्रियल या चार क्लबांच्या वहीत चढला. मग कॅरोलायना, तिथून पुन्हा फिलाडेल्फिया. २०१३ मध्ये स्टीव्ह मेसनच्या बदल्यात कोलंबसला गेला, तोही एकटा नव्हे, ड्राफ्टमधली तिसऱ्या फेरीतली एक निवड सोबत देऊन. एवढ्या वेळा हस्तांतर झालेला माणूस चांगला कसा असेल, असा सवाल.

हा सवाल करणाऱ्याला गोलरक्षकाच्या नोकरीचा हिशेबच ठाऊक नसतो. प्रत्येक सामन्याला संघात बारा आघाडीवाले आणि सहा बचावपटू. आघाडीवाला पहिल्या ओळीत कमी पडला तर तिसऱ्या ओळीत खेळतो, चौथ्या ओळीत खेळतो, खेळत राहतो. गोलरक्षकाला ओळी नाहीत. जाळी एक, तिच्यासमोर माणूस एक, आणि बाकावर दुसरा. त्या वेळी एनएचएलमध्ये तीस क्लब होते, म्हणजे अख्ख्या लीगमध्ये साठ जागा, त्यातल्या खऱ्या खेळण्याच्या तीस. एकसष्टावा गोलरक्षक साठाव्यापेक्षा किती वाईट असतो? बहुतेक वेळा काहीच नाही. तो कुठे खेळणार हे त्याच्या गुणांइतकंच कुणाच्या गुडघ्याने दगा दिला यावरही ठरतं. आपल्या गिरणगावात बदली कामगार सकाळी गिरणीच्या फाटकावर उभा राहायचा, आत कुणी गैरहजर असेल तर त्याची पाळी लागायची. काम तो कायम कामगाराइतकंच करायचा. कायम व्हायचा की नाही, हे त्याच्या हातच्या सुताने कधी ठरलं नाही. लेटनचं डिसेंबर २००९ मधलं फिलाडेल्फियाला येणं नेमकं असंच. तिथला गोलरक्षक रे एमरी दुखापतीने बाहेर, म्हणून कॅरोलायनाने मोकळं सोडलेला हा माणूस वेव्हर्सवरून उचलला. वेव्हर्स म्हणजे खालच्या लीगला धाडण्यापूर्वी खेळाडू चोवीस तास सगळ्या क्लबांपुढे ठेवायचा. ज्याला हवा त्याने फुकट न्यावा. फुकट नेलेल्या या गोलरक्षकाने त्या हंगामात त्यांना सोळा सामने जिंकून दिले.

आणि ‘गुण असले की ठेवून घेतात’ या सिद्धांताचा निकाल लावायला दुसऱ्या जाळीकडे पाहावं. त्या ९ जूनला शिकागोच्या जाळीत अँटी निएमी होता. तो जिंकला. दोन महिनेही उलटायच्या आत लवादाने त्याचं वेतन २७.५ लाख डॉलर ठरवलं आणि शिकागोने ते द्यायला नकार देऊन त्याला सोडून दिलं. वेतनमर्यादेत तो बसत नव्हता. करंडक जिंकणारा गोलरक्षक सॅन होजेला गेला. आता सांगा, निएमीत कोणता गुण कमी पडला होता?

जुना दाखला हवा असेल तर जॉनी बाउअर. त्याच्या तारुण्यात एनएचएलमध्ये क्लबच सहा. १९५३-५४ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्ससाठी तो सगळेच्या सगळे ७० सामने खेळला. पुढच्या वर्षी जागा गम्प वर्स्लीकडे गेली आणि बाउअर पुन्हा क्लीव्हलंड, प्रॉव्हिडन्स अशा गावी अमेरिकन हॉकी लीग या खालच्या लीगमध्ये. १९५८ मध्ये, चौतिशीच्या तोंडावर, टोरांटोने त्याला घेतलं. पुढे चार स्टॅनली कप आणि हॉल ऑफ फेम. टोरांटोने विचारलं नसतं तर तोच माणूस, तेच हात, आणि आज नाव खालच्या लीगच्या जुन्या तक्त्यात शोधावं लागलं असतं. लेटन बाउअरच्या तोडीचा होता असं मी म्हणत नाही. नव्हताच. पण खालच्या लीगमधला बाउअरचा ४५ शटआउटांचा विक्रम जवळपास सहा दशकं उभा होता, आणि २०१५-१६ च्या हंगामात तो ज्याने मोडला त्याचं नाव मायकेल लेटन.

तिसरा पक्ष आक्षेपकांचा नाही, कनवाळूंचा आहे, आणि त्याचा मला जास्त राग येतो. हे म्हणतात, बिचारा, खेळावरच्या प्रेमापोटी गावोगाव फिरला. प्रेम असेलच, पण २०१० च्या उन्हाळ्यात त्याने फिलाडेल्फियाशी दोन वर्षांचा ३१ लाख डॉलरचा करार केला, तो भावनेपोटी नव्हे. लगेच पाठीने दगा दिला आणि त्याच कराराचा बराच काळ तो खालच्या लीगमध्ये खेळला. हा व्यवसाय आहे. त्यात जोखीम असते आणि तिचा मोबदला असतो. कीव करणाऱ्यांना हे दिसत नाही की प्रत्येक क्लबला तिसरा-चौथा गोलरक्षक लागतोच लागतो, आणि तो तयारीचा लागतो. तो नसेल तर पहिल्याच्या मांडीचा स्नायू दुखावला की हंगाम बुडाला. कीव केली की ही गरज झाकली जाते आणि क्लबांना तो स्वस्तात वापरता येतो.

आता मंडन. बदली गोलरक्षकाची विद्या वेगळी असते. कायम गोलरक्षकाला आपल्या बचावपटूंची सवय असते: कोण फटक्यापुढे आडवा पडतो, कोण दृष्टी अडवतो, कोण ओरडून सांगतो आणि कोण गप्प राहतो. बदलीवाल्याला ही माणसं दर खेपेला नवी. तीन आठवडे बाकावर बसून चौथ्या आठवड्यात एका मिनिटाच्या सूचनेवर उतरायचं, आणि पहिलाच फटका अडवायचा. एनएचएलमधला त्याचा पहिला सामना, जानेवारी २००३, फीनिक्सविरुद्ध ०-० सुटला. २०१३-१४ मध्ये तो युक्रेनमधल्या डोनेत्स्कला गेला आणि उत्तम खेळला. देश पेटायला लागल्यावर संघाचे प्लेऑफमधले घरचे सामने ब्रातिस्लाव्हात हलवावे लागले, आणि मे महिन्यात त्यांचं मैदानच जाळलं गेलं. तो परत आला आणि पुन्हा खालच्या लीगमध्ये, रॉकफर्ड संघाच्या बसमध्ये बसला.

सगळ्यांवर कडी मात्र २४ एप्रिल २००८ ची. अमेरिकन हॉकी लीग, लेटनचा अल्बनी रिव्हर रॅट्स विरुद्ध फिलाडेल्फिया फँटम्स. सामना २-२ वर अडला तो अडलाच. एक जादा पाळी, दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या जादा पाळीत, एकूण १४२ मिनिटं ५८ सेकंदांनी, रायन पोटल्नीने गोल केला. जवळपास अडीच सामन्यांच्या बरोबरीची ही दमछाक, तीही गुडघे टेकत, उठत, सरकत, अंगावर जाड गाद्या बांधून. फँटम्सने १०१ फटके मारले. लेटनने ९८ अडवले आणि हरला. समोरच्या स्कॉट मनरोने ६५ अडवले आणि जिंकला. तो सामना त्या लीगमधला तोवरचा सर्वांत लांबलेला. लांबीचा विक्रम २०१८ मध्ये मोडला, तेव्हा विजेत्या संघाच्या ॲलेक्स लायनने ९४ फटके अडवले.

त्या रात्रीनंतर लेटनला कुणी ‘पराभूत’ म्हणू शकेल, कारण धावफलकावर तेच आहे. पण २०१० ची एक चित्रफीत पुरावा म्हणून चालत असेल, तर २००८ चा तक्ताही चालला पाहिजे. एनएचएलमध्ये शंभरावर सामने, तिथे दुय्यम दर्जाचा. त्याखालच्या लीगमध्ये शटआउटांत सर्वांना मागे टाकणारा. आणि जिथे रिकामी जागा पडली तिथे पंधरा वर्षांहून जास्त काळ हजर. एवढ्या पुराव्यावर ‘फसलेला गोलरक्षक’ हा निकाल कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही.