लाडवांच्या डब्यातला पासवर्ड

परवा कृष्णराजनगरहून भाचीचा रडवेला फोन आला. म्हैसूरजवळच्या त्या गावातून ती रोज रेल्वेने कॉलेजला जाते. “मावशी, परीक्षेचा अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस आणि खाते उघडतच नाही!”

झाले होते असे की, दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा, त्यात एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह हवे आणि जुना पुन्हा चालणार नाही, हा तिथला नियम. बिचारीने नवा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. महिना संपला, ताईने ते पान फाडून लाडवांच्या डब्यात अंथरले! तुपाने एक अक्षर पुसले गेले होते. चुकीचे प्रयत्न फार झाले म्हणून खात्याला कुलूप लागले. शेवटी ओळखपत्र घेऊन कार्यालयात धावली, तेव्हा खिडकी बंद व्हायला दहा मिनिटे उरली होती.

गंमत पाहा, अशा नियमांचे एक जनक स्वतःच पस्तावले आहेत. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेतले बिल बर यांनी २००३ साली या सूचना लिहिल्या आणि जगभरच्या कचेऱ्यांनी त्या उचलल्या. २०१७ मध्ये त्यांनी चूक कबूल केली. माणसे करतात काय, तर पहिले अक्षर मोठे, शेवटी १, पुढच्या खेपेस २. चोराच्या संगणकाला हे पाठ असते. त्याच वर्षी त्या संस्थेने ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती नको, लांबी महत्त्वाची, असे सांगितले.

म्हणून भाचीला म्हटले, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोड. परकर, इंजिन, फणस, वकील असे काहीतरी. (हेच घेऊ नका हं, आता ते छापून आले!) जन्मतारीख नको, आणि बँकेचा पासवर्ड इथे मुळीच नको. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात अ‍ॅलन शेर या संशोधकाने संगणकावर जास्त वेळ मिळावा म्हणून सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली होती. यादीच फुटली की पासवर्ड कितीही अवघड असून काय उपयोग? निदान दुसरे कुलूप तरी त्याच किल्लीने उघडू नये.

रात्री तिचा निरोप आला, “नवा ठेवला, मावशी. आईलासुद्धा सांगितला नाही.” ताई मात्र जरा फुगली आहे.