शाळा मागण्याचा हक्क आणि राखण्याचा हक्क

१ जानेवारी १९९७ रोजी मध्य प्रदेश सरकारने खेड्यापाड्यांतील माणसांना एक वचन दिले. ज्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि जिथे शिकण्याच्या वयाची ४० मुले आहेत, त्या वस्तीने पंचायतीकडे शाळेची मागणी करावी. आदिवासी भागात २५ मुले असली तरी पुरे. मागणी आल्यापासून ९० दिवसांच्या आत सरकार तिथे शिकविण्याची सोय करील. ‘शिक्षा गारंटी योजना’ हे तिचे नाव. इमारत होईपर्यंत थांबायचे नाही. जागा गावाने द्यायची, गुरुजीही गावानेच सुचवायचा, आणि त्याचे मानधन, प्रशिक्षण व पुस्तके यांचा भार सरकारने उचलायचा. या एका वचनातून पुढे वीस हजारांहून अधिक शाळा उभ्या राहिल्या. सरकारी योजनांविषयी आपण सहसा चांगले बोलत नाही; परंतु मागण्याचा अधिकार रयतेला देऊन मुदतीचे बंधन स्वतःवर घालून घेणारे सरकार आपल्याकडे फार वेळा पाहावयास मिळत नाही, हे मान्य केले पाहिजे.

त्या वचनाची आठवण आज काढण्याचे कारण असे की, वारे आता उलट दिशेने वाहत आहे. पट कमी असलेल्या शाळा बंद कराव्यात, मुले जवळच्या मोठ्या शाळेत पाठवावीत, हा विचार राज्याराज्यांतून बळावला आहे. महाराष्ट्रात २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. आपल्या राज्यात मोठ्या, सुसज्ज शाळा उभारून आसपासच्या गावांतील मुले बसने तिथे आणण्याचा बेत २०२१ पासून अंमलात येत आहे. या धोरणाची खरी कसोटी इंदूर-उज्जैनच्या सपाट मुलखात लागायची नाही. ती बालाघाटसारख्या जिल्ह्यात लागेल.

इंदूरच्या मराठी वाचकाला बालाघाट दूरचा वाटतो. माळव्यातील मराठी घराण्यांचे नाते पुण्याशी, ग्वाल्हेरीशी, बडोद्याशी; वैनगंगेकाठच्या मुलखाशी क्वचितच. पण हा जिल्हा जुन्या मध्य प्रांतात नागपूर विभागात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि त्याच दिवशी होळकरांचे इंदूर व वैनगंगेचे बालाघाट एका राज्यात आले. गोंदिया-भंडाऱ्याशी ज्यांची सोयरीक, अशी मराठी जाणणारी असंख्य कुटुंबे सीमेच्या या बाजूला राहिली. तेव्हा बालाघाटच्या मुलांचे काय होते, हा प्रश्न जितका भोपाळचा, तितकाच आपलाही आहे.

हा जिल्हा दोन पातळ्यांवर वसलेला आहे. खाली वारासिवनी-लांजीकडे भातशेतीचा सखल भाग. वर बैहरचे पठार, तिथे जंगल आणि जंगलात विखुरलेले गोंड-बैगांचे टोले. कान्हा अभयारण्याचा मुक्कीकडचा भाग याच जिल्ह्यात येतो. टोला म्हणजे मूळ गावापासून फुटून वसलेली पाच-पंचवीस घरांची वस्ती. अशा टोल्यात शाळेच्या वयाची मुले किती निघणार? पंधरा, कधी नऊ. कचेरीत बसून यादी पाहिली की, हा आकडा डोळ्यांत खुपतो.

उलट बाजूचे म्हणणे मी मुद्दाम विस्ताराने मांडतो, कारण ते पोकळ नाही. मी शिक्षकी पेशातला. उमेदीची तीन वर्षे मी एकशिक्षकी शाळेत काढली आहेत. एका खोलीत पाच इयत्ता बसतात. पहिलीला अक्षर गिरवायला लावावे, तोवर चौथीचा भागाकार अडतो. तो सोडवावा, तर दुसरीत भांडण लागते. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब त्याच गुरुजीने लिहायचा, जनगणना आणि निवडणूक यांची कामेही त्यानेच करायची. तो बैठकीला गेला की शाळेला कुलूप. अशा शाळेतून पाचवी झालेल्या मुलाला धड वाचता येत नाही, ही तक्रार खोटी नव्हे. देशात आजही एक लाखाहून अधिक शाळा एकाच शिक्षकावर चालतात. मोठ्या शाळेत इयत्तेला एक शिक्षक मिळतो, ग्रंथालय मिळते, खेळायला अकरा भिडू मिळतात. हे सारे टोल्यातल्या मुलाला का मिळू नये?

मिळालेच पाहिजे. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६० पर्यंत मुलांच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक ठरवून दिले आहेत. म्हणजे एकशिक्षकी शाळा ही लहान वस्तीची अटळ अवस्था नाही. कायद्याने देय असलेला दुसरा शिक्षक न दिल्यामुळे ती तशी राहिली आहे. आधी शिक्षक द्यायचा नाही, मग शिकविणे नीट होत नाही म्हणून पालकांनी मुले काढून न्यायची, मग पट घसरला म्हणून शाळा बंद करायची, असा हा क्रम आहे. यात दोष कोणाचा आणि शिक्षा कोणाला, याचा विचार वाचकांनीच करावा.

एकत्रीकरणाचे सगळेच प्रकार वाईट आहेत, असेही नाही. २०१८ च्या सुमारास मध्य प्रदेशात ‘एक परिसर, एक शाला’ या धोरणाने सुमारे ३५,००० शाळांच्या सुमारे १६,००० शाळा झाल्या. आकडा ऐकून छातीत धस्स होते. पण त्यांत प्रामुख्याने एकाच आवारातील किंवा अगदी लगतच्या प्राथमिक व माध्यमिक शाळा एका मुख्याध्यापकाखाली आणल्या होत्या. मुलांची पायपीट त्यामुळे वाढत नव्हती. माझा आक्षेप त्याला नाही. आवारातल्या दोन शाळा एक करणे आणि जंगलापलीकडच्या टोल्याची शाळा मिटविणे, या दोन गोष्टींना एकच ‘विलीनीकरण’ हा शब्द लावला जातो, त्याला माझा आक्षेप आहे.

कारण टोल्यात प्रश्न अंतराचा आहे, आणि अंतर नकाशावर मोजता येत नाही. केंद्राच्या २०१० च्या नियमावलीत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर चालण्याची मर्यादा घातली आहे. जिथे पूर, दरड किंवा रस्त्याचा अभाव असेल तिथे मर्यादा आणखी कमी धरावी, असेही त्यात म्हटले आहे. हे लिहिणाऱ्याने खेडे पाहिले असावे. वैशाखात जो नाला चपला हातात न घेता ओलांडता येतो, तो आषाढ-श्रावणात मोठ्या माणसाला अडवून धरतो. सहा वर्षांची मुलगी तीन किलोमीटर एकटी जाणार नाही. तिला पोचवायला आई जाणार, आणि आई गेली तर तिची मजुरी बुडणार. चार दिवस हे जमेल. पाचव्या दिवशी मुलगी धाकट्या भावंडाला घेऊन घरी बसेल. शाळेच्या नोंदीत तिचे नाव मोठ्या शाळेत ‘वर्ग झाले’ असेच दिसेल. २०११ च्या जनगणनेत बालाघाटमध्ये दर हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया होत्या, राज्यातील सर्व जिल्ह्यांत अधिक. मुलीचा जन्म ज्या मुलखाने ओझे मानला नाही, त्या मुलखातील मुलींचे शिकणे सरकारी अंतराने थांबावे, यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही.

शेजारी देशाचा दाखला डोळ्यांपुढे आहे. चीनने २००१ पासून खेड्यांतील शाळा झपाट्याने एकत्र केल्या. २००० साली तिथे साडेपाच लाखांहून अधिक प्राथमिक शाळा होत्या. २०१० पर्यंत त्या सुमारे २ लाख ५७ हजारांवर आल्या. शाळेच्या वयाच्या मुलांची संख्या घटत होती, हे त्याचे एक कारण. पण लहान मुलांचे लांबचे प्रवास, वसतिगृहांतील हाल आणि शाळा सोडण्याचे प्रमाण यांची ओरड इतकी झाली की, २०१२ मध्ये तिथल्या सरकारलाच हा क्रम थांबविण्याचा आदेश काढावा लागला. जिथे रयतेला विचारण्याची प्रथा नाही, त्या देशानेही स्थानिक लोकांचे मत घेतल्याखेरीज शाळा मोडू नये, असे ठरविले.

आपल्याकडे मत विचारण्याची वेळ बहुधा निर्णयानंतर येते. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातील दरेवाडी ही भाम धरणाच्या विस्थापितांची वस्ती. तिथली जिल्हा परिषदेची शाळा २०२२ मध्ये बंद करून मुलांना दुसरीकडे जाण्यास सांगण्यात आले. तेव्हा मुले बकऱ्या घेऊन थेट जिल्हा परिषदेवर गेली. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ ही त्यांची घोषणा होती. शाळा नसेल तर आमच्या हाती काय राहते, हे त्या मुलांनी चार शब्दांत सांगितले. पण नाशिक गाठणे दरेवाडीला जमले. बैहरच्या टोल्यातील मुलांनी बालाघाट कसे गाठावे आणि भोपाळ कसे गाठावे?

म्हणून माझी सूचना साधी आहे. १९९७ मध्ये शाळा मागण्याचा अधिकार गावाला दिला होता; तोच अधिकार शाळा राखण्यासाठीही असावा. शाळा उघडण्यास ९० दिवसांची मुदत होती, तशीच बंद करण्यासही असावी. या ९० दिवसांत चार गोष्टी व्हाव्यात. पहिली, कायद्याने देय असलेला दुसरा शिक्षक प्रत्यक्ष देऊन पाहावा. दुसरी, आदेशावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने भर पावसाळ्यात टोल्यापासून नव्या शाळेपर्यंत मुलांच्या वाटेने एकदा चालत जावे. तिसरी, वाहन मिळणार असेल, तर ते कोण चालविणार, खर्च कोण देणार आणि ते बंद पडल्यास काय करायचे, हे लेखी द्यावे. चौथी, ग्रामसभा भरवावी आणि तिच्यात आयांचे म्हणणे नोंदवून घ्यावे. एवढे करून गावच म्हणाले की, आम्हाला मोठी शाळा हवी, तर आनंदाने टोल्याची शाळा मिटवावी. ग्रामसभा ‘नाही’ म्हणाली, तर ते ‘नाही’ कचेरीने मानावे.

यात क्रांतिकारक असे काही नाही. अनुसूचित क्षेत्रांसाठीचा ‘पेसा’ कायदा २४ डिसेंबर १९९६ चा, म्हणजे शिक्षा गारंटीच्या आठवडाभर आधीचा. सामाजिक क्षेत्रातील संस्था व कर्मचारी यांवर ग्रामसभेचे आणि योग्य त्या पातळीवरील पंचायतीचे नियंत्रण असावे, असे तो स्पष्ट सांगतो. मध्य प्रदेशाने त्याचे नियम २०२२ च्या नोव्हेंबरात लागू केले. बैहर तहसील अनुसूचित क्षेत्रात मोडते. शाळेइतकी सामाजिक संस्था दुसरी कोणती?

आपण संस्थानी राज्यात वाढलेल्या घरांतली माणसे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ पासून साऱ्या बडोदे संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, याचा अभिमान आपण अजून सांगतो. नामदार गोखल्यांनी तेच ब्रिटिश हिंदुस्थानात व्हावे म्हणून १९११ मध्ये विधेयक मांडले. ते पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. खर्च परवडणार नाही आणि लोकांची तयारी नाही, ही त्या वेळची कारणे होती. शिक्षण हा मुलाचा हक्क आहे, असा कायदा व्हायला तिथून २००९ साल उजाडले. अठ्ठ्याण्णव वर्षांनी हाती आलेली ही वस्तू खर्चाच्याच कारणाने पुन्हा टोल्यातून उचलली जाऊ नये, असे मला वाटते.

आपल्या घरांतील नातवंडे आज बसने इंग्रजी शाळांना जातात. गावातली सरकारी शाळा उघडी आहे की मिटली, याची आपल्याला खबरही नसते. तरीही या गावातील कितीतरी मराठी माणसे शिक्षण खात्यात, न्यायालयात, वृत्तपत्रांत आहेत आणि त्यांच्या शब्दाला भोपाळात वजन आहे. तो शब्द त्यांनी एवढ्यासाठी खर्चावा: कोणतीही लहान शाळा बंद करण्याच्या आदेशाला ग्रामसभेचा ठराव जोडलेला असावा, आणि तो नसेल तर आदेश ग्राह्य धरू नये. बैहरच्या पठारावर शाळेची घंटा वाजणे अथवा न वाजणे, हे त्या एका कागदावर अवलंबून आहे.