घरची ड्युटी की हॉस्पिटलची?



दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारी दुपारी आमच्या वस्तीतल्या एक सिस्टर ताई "जय भीम" म्हणत दारात उभ्या राहिल्या. वय 54. एका खाजगी हॉस्पिटलात 22 वर्षे नोकरी झाली. बसता बसता त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला.

"भाऊ, आता नाईट झेपत नाही. वॉर्डात तीस पेशंट आणि मदतीला एक मावशी. ब्युरोवाले म्हणतात, घरची ड्युटी घ्या, एकच पेशंट सांभाळायचा. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय. देऊन टाकू का?"

आम्ही म्हटले, "ताई, कागद पर्समध्येच राहू द्या. आधी हिशेब मांडू."

आपल्या वस्त्यांतून नर्सिंगला गेलेल्या अनेक भगिनी आज पन्नाशीच्या पुढे आहेत. त्यांच्याही उपयोगी पडेल म्हणून तो हिशेब इथे देत आहोत.

पहिला हिशेब पैशाचा. सलग पाच वर्षे नोकरी झालेल्याला ग्रॅच्युइटी मिळते, राजीनामा दिला तरी मिळते. ताईंचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18 हजार. त्याला 15 ने गुणायचे, 26 ने भागायचे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. 22 वर्षांचे सुमारे 2 लाख 28 हजार झाले. ही रक्कम हक्काची आहे, कोणाची मेहेरबानी नाही. फंडाच्या पेन्शनला किमान 10 वर्षांची नोकरी लागते. ती ताईंची झाली आहे. पण पूर्ण पेन्शन वयाच्या 58 व्या वर्षापासून. त्याआधी घेतली तर जितकी वर्षे आधी, तितक्या वेळा 4 टक्के कमी, आणि ती कपात जन्मभराची. म्हणून नोकरी सोडली तरी घाईने पेन्शन सुरू करू नये. आणि नोकरी सुटली की मालकाचा फंडातला हिस्साही थांबतो.

ब्युरोचे काम हजेरीवर. त्यातून कमिशन कापले जाते. पेशंट बरा झाला किंवा दगावला की दुसऱ्या दिवसापासून ड्युटी बंद. नवीन घर मिळेपर्यंत हात रिकामे.

दुसरा हिशेब शरीराचा. घरी एकच पेशंट, हे खरे. धावपळ कमी, आणि एका माणसाची मनासारखी सेवा करता येते. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. वॉर्डात दोघी मिळून चादरीने सरकवतात. घरी बारा तास एकटीच. ज्या गुडघ्यासाठी हॉस्पिटल सोडायचे, तोच गुडघा तिथेही लागतो.

तिसरा हिशेब मानाचा. हॉस्पिटलात त्या "सिस्टर" असतात. काही घरांत त्याच "बाई" होतात. इंजेक्शन देऊन झाले की भांड्यांकडे बोट दाखवले जाते. ताईंच्या एका मैत्रिणीला पहिल्याच दिवशी आडनाव विचारले गेले आणि दुसऱ्या दिवशी तिचा चहाचा कप वेगळा ठेवला गेला. तिने तो कप तसाच ठेवला आणि ड्युटी सोडली. सगळी घरे अशी नसतात. लेकीसारखे वागवणारीही आहेत. पण चार भिंतींत साक्षीला कोणी नसते, हे लक्षात ठेवावे.

म्हणून घरची ड्युटी घ्यायचीच असेल तर कामाचे तास, मजुरी आणि कोणती कामे करायची हे ब्युरोकडून लिहून घ्यावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध देऊ नये. वेळ, बीपी, शुगर आणि दिलेले औषध वहीत टिपावे. कोणी वावगे वागले तर गप्प बसू नये. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात घरसुद्धा कामाचे ठिकाण धरले आहे. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

हे सगळे ऐकून ताई म्हणाल्या, "मग मरेपर्यंत नाईटच करू का?"

आम्ही विचारले, "दिवसपाळी कधी मागितलीत?"

त्या गप्प झाल्या. 22 वर्षांत त्यांनी स्वतःसाठी एकही अर्ज केला नव्हता. मग डॉक्टरांचा दाखला जोडून मेट्रनकडे लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. पहिल्यांदा नकार आला. ताईंनी दुसरा अर्ज दिला. आता त्या ओपीडीत सकाळपाळी करतात. नाईटचा भत्ता गेला, पण झोप मिळू लागली. 58 झाल्यावर जवळपासच्या एखाद्या घरी अर्धा दिवस काम घेण्याचा विचार आहे, तोही स्वतःच्या अटींवर.

आणखी एक गोष्ट आम्ही त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या मालकांना आणि मुलाला सांगितली. रात्रभर उभी राहून आलेली बाई सकाळी चुलीपुढे उभी राहते. तिचा निम्मा थकवा हॉस्पिटलचा असतो, निम्मा घरचा. हॉस्पिटलचा कमी करायला अर्ज लागतो, घरचा कमी करायला नाही. मुलाने मान खाली घातली. आता सकाळचा डबा तो करतो, असे ताई सांगतात. पोळ्या अजून वाकड्या होतात.

राजीनामा मात्र अजून पर्समध्येच आहे. असू द्या. द्यायची वेळ आली तर तो हिशेब करून दिलेला असेल, थकून दिलेला नसेल.